आजीची शिदोरी : रानातला कांदा



आमचा सात वर्षांचा नातू सातव्या मजल्यावर राहतो. मुंगी दिसली तरी किंचाळतो. कांदा कुठून येतो विचारलं, तर म्हणे, "सुपरमधून!"

म्हणून सप्टेंबरात, नव्याच्या सणाआधी, आम्ही त्याला सकाळीच बेन शेमेनच्या रानात नेलं. उन्हाळाभर पाऊस नाही, गवत वाळून गेलेलं, आणि त्यात ताठ उभे पांढरे तुरे, जवळजवळ त्याच्या उंचीचे! हा हात्साव. एकही पान नाही, नुसता दांडा. फुलं खालून वर उमलत जातात, आणि एक फूल जेमतेम एक दिवस टिकतं. "मग पाणी कुठून पितो?" नातवाने विचारलं. जमिनीत याचा मोठा कांदा असतो. हिवाळ्यात साठवलेली शिदोरी तो आता खातो.

आम्हांला तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. कोकणात याचाच भाऊबंद आहे, रानकांदा. तोही पावसाआधी, पानांशिवाय फुलतो.

आता आमची चूक सांगतो. मोठी नात लहान असताना आम्ही तिला हा कांदा उकरू दिला. रस लागून हात लाल झाला, खाज सुटली. साबणपाण्याने खूप धुतला, पण लेक रागावली ती रागावलीच. दोन वर्षं रान बंद! नर्स असून आम्हांला कळायला हवं होतं. पूर्वी खोकल्याच्या औषधात याचा अर्क घालीत, तरी कांदा विषारीच; हृदयावर परिणाम करतो. तेव्हा बाळांनो, डोळ्यांनी बघा, हात लावू नका. बंद बूट, टोपी आणि पाणी हवंच. दगडाखाली हात घालू नका, विंचू असतो.

निघताना नातू म्हणाला, "पानं कधी येणार?" म्हटलं, पाऊस पडल्यावर. जानेवारीत त्यानेच आठवण केली, म्हणून पुन्हा गेलो. फुलांचा पत्ता नाही, रुंद हिरवी पानं मात्र भरपूर. पठ्ठ्या चिखलात बसून पानं मोजू लागला! बूट बघून आई काय म्हणेल, ही काळजी आमची.

मंडळी, आमचे गुडघे दुखतात, तुमचेही दुखत असतील. लांब जायला नकोच. घराजवळची एकच जागा धरा आणि नातवंडांना तिथे वर्षातून दोनदा न्या, एकदा पावसाआधी, एकदा नंतर. पाय चालतात तोवर जाऊन घ्या.