फावल्या वेळचे खेळ गेले कुठे?

विंडोज एक्सपीवरचा ‘स्पेस कॅडेट’ पिनबॉल आठवतो? ६४-बिट विंडोजसाठी तो नव्याने जुळवताना चेंडू अडथळ्यांच्या आरपार जाऊ लागला. जुन्या कोडमधली गोम सापडेना; पुढे व्हिस्टापासून तर खेळच वगळला. फ्लॅशवरच्या खेळांचं मरण तर तारीख सांगून आलं: अ‍ॅडोबीने १२ जानेवारी २०२१ पासून ते चालणंच बंद केलं. आज चाळिशीकडे झुकलेल्या आमच्या कितीतरी वाचकांचे माऊसवर हात बसले ते याच खेळांवर.

या अंकात आम्ही स्मरणरंजन मुद्दाम कमी ठेवलं आहे. जुने खेळ जपणाऱ्या किंवा पुन्हा चालवणाऱ्या रफल, फ्लॅशपॉइंट, इंटरनेट अर्काइव्ह यांच्यामुळे काय पुन्हा खेळता येतं आणि हक्कांच्या गुंत्यात काय अडकलंय, यावर भर आहे. तुमच्या जुन्या सीडी जरा चाळा, काय सापडलं ते कळवा. (हायस्कोअरही सांगा, पुरावा मागणार नाही.)