करार परदेशाशी, विश्वास घरचा

स्तनाच्या कर्करोगाविषयी जागृतीसाठी अमेरिकेने २००६ मध्ये अरब देशांशी भागीदारी सुरू केली. त्यात संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, जॉर्डन हे देश आले. परदेशी तज्ज्ञांचे साहाय्य मिळाले, पण मुख्य अडचण संकोचाची होती. अरब स्त्रियांना हा आजार पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा सरासरी दहाएक वर्षे लहान वयात होतो, तरी दुखणे अंगावर काढल्याने निदान अनेकदा उशिरा होते. जेद्दाच्या डॉ. सामिया अल-अमुदी यांनी स्वतःच्या कर्करोगाविषयी वर्तमानपत्रात उघडपणे लिहिले, तेव्हा ही कोंडी फुटू लागली. जॉर्डननेही २००७ मध्ये स्वतःचा राष्ट्रीय कार्यक्रम उभारला. बँकेच्या भाषेत सांगायचे तर करार म्हणजे केवळ खाते उघडणे. पुढचा व्यवहार घरच्या माणसांच्या विश्वासावरच चालतो.