नदीचा काठ आणि बँकेची खिडकी

मेक्सिको आणि अमेरिका यांच्या सरहद्दीचा विषय निघाला की आपण हटकून टोळीवाल्यांपासून सुरुवात करतो. माझ्या मते आधी नदी पाहावी. १८४८ च्या तहात मेक्सिकोने जवळजवळ निम्मा मुलूख गमावला, अमेरिकेने त्यापोटी दीड कोटी डॉलर मोजले आणि टेक्ससच्या बाजूने रिओ ग्रांदे ही नदी सीमा ठरली. पासो देल नोर्ते हे जुने गाव दक्षिण काठावर राहिले. १८८८ साली त्याचे नाव सिउदाद हुआरेस झाले. समोरच्या काठावर एल पासो वाढले. सोयरेधायरे दोन्हीकडे. नदी ओलांडून बाजाराला जाणारा माणूस एका सहीने परदेशात गेला.

पांचो व्हिया याच मातीतला. मार्च १९१६ मध्ये त्याच्या माणसांनी न्यू मेक्सिकोतील कोलंबस गावावर छापा घातला. जनरल पर्शिंगची फौज महिनोन्‌महिने त्याच्यामागे डोंगर तुडवीत हिंडली. तो काही हाती लागला नाही. दरोडेखोर की क्रांतिकारक? उमाजी नाईकांबद्दल इंग्रज काय लिहीत आणि आपण काय म्हणतो, हे आठवावे.

१९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती आणि दारू नदी ओलांडून जात होती. मुंबईतील दारूबंदीच्या कथा ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत, त्यांना पुढचे सांगायला नको. वाटा तयार झाल्या. माल तेवढा बदलत गेला. हुआरेसच्या आमादो कारियो फुएंतेसने तर विमाने भरभरून कोकेन आणले. लोक त्याला ‘आकाशाचा स्वामी’ म्हणत. जुलै १९९७ मध्ये चेहरा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो मेला. टोळ्या मात्र राहिल्या. २०१० या एका वर्षात हुआरेसमध्ये तीन हजारांहून अधिक खून झाले.

आता माझ्या धंद्याकडे येतो. मी हयात बँकेत घालवली. पन्नास हजारांवर रोकड भरायला आलेल्या भुसार दुकानदाराकडे पॅन मागितला की तो माझ्याकडे असा बघे, जणू मी त्याच्यावर चोरीचा आळ घेतला आहे! म्हणून एचएसबीसीच्या मेक्सिकोतील शाखांची हकिगत वाचताना मी अक्षरशः थिजलो. अमेरिकी न्याय खात्याने सांगितले की, टोळ्यांची माणसे काउंटरच्या खिडकीच्या मापाने खास बनवलेल्या खोक्यांतून नोटा भरत; एकेका दिवशी लाखो डॉलर. खोके खिडकीतून अचूक सरकावे म्हणून कोणीतरी माप घेतले असणार. कॅशियरने ते रोज पाहिले असणार. नोटा मोजल्या, स्लिपा लावल्या, दिवसअखेरचा ताळा जमला. ताळा जमला की शाखेत सगळे निश्चिंत घरी जातात, हे मी अनुभवाने सांगतो.

डिसेंबर २०१२ मध्ये बँकेने सुमारे १९० कोटी डॉलर भरून खटला टाळला. किमान ८८ कोटी डॉलर तिच्यामार्फत धुतले गेले होते. दोन वर्षे आधी, २०१० मध्ये, वाकोव्हिया बँकेनेही अशाच प्रकरणात १६ कोटी भरले होते. हुआरेसच्या गल्लीत वीस वर्षांचा पोरगा पुडी विकताना सापडला तर त्याची रवानगी थेट कोठडीत होते. एचएसबीसीच्या या प्रकरणात एकाही अधिकाऱ्यावर फौजदारी खटला भरला गेला नाही.