मिरचीच्या भावाचा हेलकावा कोणाच्या माथी?

मिरचीचा भाव पडला की आपल्यातलेच काही जण म्हणतात, हा शेतकरी संघटनांचा विषय, आंबेडकरी चळवळीने त्यात कशाला पडायचे? आम्हाला हे पटत नाही.

नांदेड जिल्ह्यातले धर्माबाद तेलंगणाच्या सीमेवर आहे आणि लाल मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. लातूरकडे राज्य सोयाबीनचे. तिथे मिरची असते ती पाण्याखालच्या छोट्या तुकड्यावर. पण दोन्हीकडच्या भावावर सावली गुंटूरची असते. २०२१-२२ मध्ये आंध्र-तेलंगणात काळ्या फुलकिड्यांनी मिरची खाल्ली, माल कमी आला आणि भाव चढले. चढा भाव बघून लोकांनी लागवड केली. २०२५ च्या सुरुवातीला गुंटूरमध्ये भाव कोसळले, तेव्हा केंद्राने बाजार हस्तक्षेप योजनेतून क्विंटलला ११,७८१ रुपयांचा दर धरला, तोही आंध्रच्या मिरचीसाठी. हमीभावाच्या यादीत मिरची नाहीच.

कृषी अर्थशास्त्रज्ञ पिकाचे क्षेत्र, उत्पादन आणि उत्पादकता यांच्या वाढीचा दर काढतात. मग त्या वाढीच्या रेषेभोवती आकडे दरवर्षी किती हेलकावतात ते मोजतात. त्यासाठी कडी-डेला व्हॅले निर्देशांक वापरतात. उपयोगी काम आहे. पण ही मोजणी जिल्ह्याची आणि हेक्टरची असते. हेलकावा कोणी सोसला, हा रकाना तिथे नसतो.

तो आपण भरू. ज्याच्याकडे पैसा आहे तो माल शीतगृहात ठेवून थांबतो. बटाईने कसणारा थांबू शकत नाही, कारण बियाण्याची, फवारणीची उधारी दारात उभी असते. त्यात बटाई तोंडी. सातबाऱ्यावर नाव मालकाचे, म्हणून पीककर्ज मालकाला आणि अतिवृष्टीची भरपाईही मालकाच्याच खात्यात. आणि तोडणीला जाणाऱ्या बाया? भाव तोडणीच्या मजुरीलाही पुरेनासा झाला की मिरची झाडावरच वाळू देतात. मालकाचा तोटा निदान कागदावर येतो, या बायांचे बुडालेले रोज कुठेच येत नाहीत. (मिरचीने भाजलेल्या हातांची तर गोष्टच सोडा.) या बायांमध्ये आपल्या वस्तीतल्या किती, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

बाबासाहेबांनी १९१८ मध्येच लहान धारणक्षेत्रांवर लिहिताना दाखवले होते की नुसते तुकडे जोडून भागणार नाही, भांडवल नसेल तर जमीन मोठी असूनही तोट्याचीच. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करा, जात न बघता जमीन गावकऱ्यांना सामूहिकपणे कसायला द्या, पाणी, खत, बी-बियाणे राज्याने पुरवावे, असे मांडले. म्हणजे जोखीम राज्याने उचलावी. आज ती भूमिहीनाच्या डोक्यावर आहे. १९६४-६५ चा दादासाहेब गायकवाडांचा सत्याग्रह आपण जयंतीला आठवतो, पण मिरचीच्या रानात तोच प्रश्न उभा असताना त्याला भावाचा प्रश्न म्हणून सोडून देतो.

म्हणून या हंगामात धर्माबाद, देगलूर, उदगीरकडच्या कार्यकर्त्यांनी एक काम हाती घ्यावे. आपल्या वस्तीत बटाईने कोण कसतो, तोडणीला कोण जाते, मागच्या वर्षी किती रोज बुडाले, याची घरोघर नोंद करा. ती वही घेऊन तहसीलवर जाऊ आणि बटाईदाराला भरपाई, तोडणीवाल्या बाईला बुडालेला रोज मागू.