नशा सुटली, मेंदू अजून परततोय

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी विश्रांतवाडी, कुरकुंभ आणि थेट दिल्लीपर्यंत छापे टाकून १,७०० किलोंहून अधिक एमडी, म्हणजे मेफेड्रोन, पकडले. किंमत साडेतीन हजार कोटींच्या पुढे, हे सगळ्यांना पाठ झाले. पण हे विष ओढून झालेल्या आणि आता ते सोडू पाहणाऱ्या पोरांचे काय, यावर चर्चा झाली नाही.

उपचार घेऊन घरी आलेला मुलगा अम्मीने सांगितलेल्या चार वस्तूंपैकी दोनच आणतो. अभ्यासाचे एक पान तीनदा वाचतो. कशातच रस नाही. घरात कुजबुज सुरू होते: ‘पुन्हा घेतोय वाटतं.’ कधी तसे असतेही. पण अनेकदा तो घेत नसतो, त्याचा मेंदू सावरत असतो.

एमडी, मेथ, कोकेन ही उत्तेजक द्रव्ये मेंदूतील डोपामाइनची यंत्रणा ओरबाडतात. लक्ष, स्मरण, उमेद, सगळे तिच्याशी बांधलेले. २००१ मध्ये अमेरिकेत डॉ. नोरा व्होल्को आणि सहकाऱ्यांनी मेथ सोडलेल्या पाच जणांचे मेंदू स्कॅन केले. १२ ते १७ महिने दूर राहिल्यावर डोपामाइन वाहून नेणारी प्रथिने बरीच भरून आली होती. स्मरणाच्या आणि हालचालींच्या चाचण्या मात्र तितक्या सुधारल्या नव्हत्या. पाचच माणसे, आणि मेथ म्हणजे एमडी नव्हे, हे खरे. तरी दिशा स्पष्ट आहे: हिशेब आठवड्यांचा नाही, महिन्यांचा आहे.

येरवड्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ पासून हेच काम करते. तिथला मुक्काम साधारण पाच आठवड्यांचा, पण खरी कसोटी त्यानंतर, पाठपुराव्यात लागते. आपण मात्र पाच आठवड्यांनी ‘बरा झाला’ म्हणून मोकळे होतो, आणि काही घरांत तर लगेच निकाहची बोलणी! (लग्न हे औषध आहे, ही समजूत मुलीच्या जिवावर उठते.)

तुमचा दोस्त परत आला असेल तर त्याला एका वेळी एकच काम सांगा. वहीत लिहून घेऊ द्या, हसू नका. रोज ठरल्या वेळी झोप आणि थोडे चालणे, यात त्याच्यासोबत राहा. परीक्षा एक वर्ष पुढे गेली तर जाऊ दे. आणि घरात कुणाला विचारायचे हे कळत नसेल, तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे: १४४४६.