तारेचें टोक

हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथनजीक दुधाळा येथें लायगो-इंडिया वेधशाळेस केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें अंतिम मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन बाहूंनीं गुरुत्वीय लहरींचा वेध घ्यावयाचा आहे. नातवानें तेथें शास्त्रज्ञ व्हावें, असें प्रत्येक आजोबांस वाटतें. मापकयंत्रांच्या केबलींचीं टोकें बांधणारा कारागीर व्हावें, असें कोणासच वाटत नाहीं.

पण त्याचें काम पाहा. आंतील तारांस ओरखडा लागूं न देतां बाहेरचें वेष्टन सोलावयाचें. जोडतारांचा पीळ शेवटपर्यंत राखावयाचा. रंग पाहून प्रत्येक तार तिच्याच पिनेंत बसवावयाची. ओढ जोडावर न येतां वेष्टनावर येईल, अशी पकड आवळावयाची. शेवटीं एकेक तार अखंड आहे व शेजारच्या तारेस शिवत नाहीं, हें मीटरनें तपासावयाचें.

इटलींतील ऑपेरा प्रयोगानें २०११ सालीं न्यूट्रिनो प्रकाशाहून वेगवान असल्याचें सुचविणारें मापन जाहीर केलें. जगभर खळबळ उडाली. पुढील वर्षीं मुख्य दोष सांपडला, तो प्रकाशतंतूच्या एका सैल जोडांत! एवढ्या विद्वानांचीं गणितें त्या जोडापाशीं अडलीं होतीं.

म्हणून घरांतील एखाद्या मुलास या कामाची गोडी असेल, तर हलकें काम म्हणून त्यास अडवूं नये, अशी वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे.