लक्ष कुठे असतं तुझं?



गेल्या दीड-दोन वर्षांत आमच्या समुपदेशन केंद्रात एक नवा प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. बाई आलेली असते मारहाणीची किंवा पोटगीची तक्रार घेऊन. ते सगळं बोलून होतं, अर्ज लिहून होतो, आणि उठता उठता ती विचारते, "ताई, आणखी एक विचारू? मला ते एडीएचडी का काय म्हणतात, ते असेल का?" कुणी मोबाइलवर पाहिलेलं असतं. आलिया भट्टने २०२४ मध्ये एका मुलाखतीत आपल्याला हा त्रास असल्याचं सांगितलं, तेव्हापासून हे नाव जास्तच कानावर पडतं. कुणाच्या मुलाला शाळेने तपासून घ्यायला सांगितलेलं असतं, आणि डॉक्टर मुलाबद्दल एकेक प्रश्न विचारत असताना आईच्या मनात येतं, अरे, हे तर माझंच चाललंय! विचारणाऱ्या बायका तिशी-चाळिशीतल्या. एक नालासोपाऱ्यात शिकवण्या घेते, एक वालीवच्या गाळ्यात पॅकिंग करते, एक शिक्षिका आहे. विचारताना सगळ्या हसतात आणि वर म्हणतात, "नाहीतर मी आळशीच असेन."

त्या हसण्यामुळे हा विषय संपादकीयात घ्यावासा वाटला.

आधी थोडी माहिती. ही लहानपणापासून असणारी, मेंदूच्या जडणघडणीतली अडचण आहे. या बाईला लक्षच नसतं असं नव्हे. ते हवं तिथे लावता येत नाही, लावलं तर टिकत नाही, आणि कधी एखाद्या गोष्टीला असं चिकटून बसतं की शेजारी दूध उतू गेलेलंही कळत नाही. काम सुरू करणं हाच डोंगर होतो. वेळेचा अंदाज येत नाही. वस्तू हरवतात. काहींना एका जागी बसवत नाही, काहींची चुळबुळ बाहेर दिसतच नाही, आतल्या आत चालते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत १९८० मध्ये याला लक्षन्यूनतेचं, म्हणजे एडीडी, असं नाव मिळालं. १९८७ मध्ये त्याला अतिचंचलता जोडली गेली. त्याच नियमावलीच्या २०१३ च्या आवृत्तीत मोठ्या माणसांसाठी निकष थोडे सैल झाले: लक्षणांच्या दोन याद्यांपैकी एकीतली नऊपैकी निदान पाच लक्षणं हवीत, त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असायला हवीत, आणि ती घर, शाळा, नोकरी अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसायला हवीत. जगभरच्या अभ्यासांवरून शंभर प्रौढांमागे दोन-तीन जणांना हा त्रास असावा असा अंदाज आहे.

लहानपणी दवाखान्यात आणले जातात ते बहुतेक मुलगे. मोठेपणी मात्र स्त्री-पुरुषांतला हा फरक बराच कमी होतो. मग या मुली मधल्या काळात होत्या कुठे? वर्गातच होत्या. मुलगा बाकावर चढतो, मारामारी करतो, म्हणून बाईंना त्याची दखल घ्यावी लागते. मुलगी खिडकीतून बाहेर बघत बसते. तिचा कुणाला त्रास नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. त्यातून ती हुशार असली, धाकाने मार्क मिळवत असली, तर विषयच मिटला.

हीच मुलगी लग्न होऊन एका घराची धनीण होते, आणि घर चालवणं म्हणजे तर दिवसभर शंभर बारीकसारीक गोष्टी आठवणीत ठेवणं! गॅसचा नंबर लावायचा, शाळेची फी शेवटच्या तारखेआधी भरायची, सासूबाईंची रक्तदाबाची गोळी, पाण्याची वेळ, नणंदेच्या मुलीचा वाढदिवस. ज्या कामात ही अडचण सगळ्यात जास्त नडते, तेच काम आपल्या समाजाने फक्त बाईच्या गळ्यात घातलं आहे. नवऱ्याने गाडीत छत्री विसरली तर तो भोळासांब. तिने डबा द्यायचा विसरला तर तिचं घरात लक्षच नाही. आमच्याकडच्या एका बाईला नवरा ज्या गोष्टींवरून मारायचा, त्यांतल्या निम्म्या विसरण्याच्या होत्या. मार अर्थातच तिच्या विसरण्यामुळे बसत नव्हता, तो मारणाऱ्यामुळे बसत होता. पण ती मात्र वीस वर्षं समजत होती की आपण नीट लक्ष दिलं असतं तर हे टळलं असतं.

आता आपल्या चळवळीच्या अवघडलेपणाबद्दल. गेल्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आमच्या एक ज्येष्ठ कार्यकर्त्या ताडकन म्हणाल्या, "पहाटे तीनला उठून पाणी भरणारी, साडेपाचची विरार लोकल पकडणारी बाई, तिचं लक्ष लागणार कसं? तिला गोळ्या कशाला देता, नळाला पाणी द्या!" टाळ्या पडल्या. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहेच. अपुरी झोप, रक्त कमी असणं, थायरॉइड, नैराश्य, सततची भीती, डोक्याला बसलेला मार, या सगळ्यांमुळे माणूस विसराळू होतो. चांगला डॉक्टर आधी ते पडताळून बघतो. जो बघत नाही त्याच्याकडे जाऊ नये. बाईला वेडी ठरवून गप्प करण्याचा इतिहास आपल्याला पाठ आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे आणि 'हिला ठाण्याला पाठवा' ही धमकी आपल्या आज्यांनीही ऐकलेली आहे. भार्गवी दवर यांनी १९९९ मध्ये भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर स्त्रीवादी भूमिकेतून पुस्तक लिहिलं, पुढे पुण्याच्या बापू ट्रस्टमधून वर्षानुवर्षं हाच धागा लावून धरला. तो संशय रास्त होता आणि आजही आहे.

पण नळाला पाणी आलं, नवरा समजूतदार निघाला, नोकरी मनासारखी मिळाली, आणि तरीही दुसरीत असल्यापासूनचं ते तसंच राहिलं, तर त्या बाईला आपण काय सांगणार? पितृसत्ता संपेपर्यंत थांब?

मी स्वतः या वाटेने गेले आहे. समाजकार्यात एम.ए. करताना फिल्डवर्कचा प्रत्येक अहवाल मी द्यायच्या आदल्या रात्री लिहिला, दोन्ही वर्षं. लोक म्हणायचे, दडपणाखाली तुझं काम छान होतं. नोकरीत गृहभेटी, मोर्चे, पोलीस ठाण्यात भांडणं, यात मला कोणी हात धरणार नाही. पण नोंदवही भरायची म्हटलं की अंगावर काटा येतो. पस्तिसाव्या वर्षी मी आमच्याच भागातल्या एका खाजगी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शिक्षण विचारलं आणि म्हणाले, "एवढं शिकलात ना? मग तुम्हाला हे असूच शकत नाही." पुढचा प्रश्न होता, लग्न का नाही केलं. झोपेची गोळी लिहून दिली. मग मुंबईतल्या एका सरकारी इस्पितळात गेले. चार खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला पहाटेची गाडी, केसपेपरची रांग, एक रजा. पण तिथल्या शिकाऊ डॉक्टर बाईंनी ऐकून घेतलं, रक्त तपासलं, आणि मग म्हणाल्या, तुमच्या लहानपणचं सांगू शकेल असं कोणी आहे का?

आई आगाशीहून आली. आधी म्हणाली, "काही नाही हो, जरा धांदरट आहे एवढंच." मग बोलत गेली. शाळेतून मी तीनदा एकाच पायात चप्पल घालून घरी आले होते, हे मला ठाऊकच नव्हतं. तिने ट्रंकेतून माझं चौथीचं प्रगतिपुस्तक आणलं होतं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं: 'हुशार आहे. लक्ष कुठे असतं?' निदान झालं. औषधाने सगळं सुरळीत झालं असं नाही. नोंदवही अजून मागे असते, पण महिन्यांऐवजी दिवसांनी. रात्री अंथरुणावर स्वतःला शिव्या देणं मात्र पुष्कळ कमी झालं आहे.

माझ्याजवळ आई होती, आणि आईजवळ ट्रंक होती. केंद्रात येणाऱ्या किती जणींजवळ आहे? कुणाचं माहेर जौनपूरला, कुणाचं सावंतवाडीला. कुणाची शाळा चौथीतच सुटली. पाड्यावरच्या बाईच्या बालपणाचा कागद कोणी लिहिलाच नाही. अशा वेळी डॉक्टर म्हणतात, "घरचं कोणी घेऊन या," आणि घरचं म्हणजे नवरा! जिच्या विसरण्यावर जो डाफरतो, त्याचीच साक्ष. इथे आपण ठामपणे बोलायला हवं. बहीण, वर्गमैत्रीण, जुन्या बाई, शेजारची काकू, यांच्यापैकी कुणीही लहानपणचं सांगू शकतं. साक्षीदार कोण आणायचा हे त्या बाईने ठरवावं.

अंतराचा आणि पैशाचा प्रश्न तर आहेच. वसई-विरार महानगरपालिका २००९ ची, पालघर जिल्हा २०१४ चा. पण आमच्याकडच्या बायकांना यासाठी मुंबई नाहीतर ठाण्याचाच रस्ता धरावा लागला. १९९३ मध्ये महिला विशेष लोकल विरारपर्यंत आली तेव्हा आपण आनंदलो होतो. या कामासाठी मात्र आजही तीच गाडी आपला दवाखाना आहे म्हणायचं. खाजगीत नुसत्या चाचण्यांनाच काही हजार मोजावे लागतात. रोजावर जाणारीचे चार खेपांत चार खाडे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांमधून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना हा कायदा दाखवून विचारायची वेळ आली आहे. तोवर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, २०२२ पासून. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिथे निदान होत नाही, पण कुठे जायचं ते विचारता येतं. मोबाइलवर फिरणाऱ्या सहा प्रश्नांच्या चाचणीचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अठरा प्रश्नांच्या प्रश्नावलीतले ते पहिले सहा आहेत. ती चाळणी आहे. निदान डॉक्टरांनीच करायचं.

औषधाबद्दल एवढंच, की यातलं नेहमीचं औषध, मिथाइलफेनिडेट, कायद्याच्या 'एक्स' परिशिष्टात येतं. ते विकायला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक दुकानदार ठेवून घेतो. कोपऱ्यावरच्या दुकानात ते मिळालं नाही आणि दुकानदाराने संशयाने बघितलं तर घाबरू नका. अॅटोमॉक्सेटिन हे वेगळ्या जातीचं औषधही असतं. रक्तदाब, हृदयाचा त्रास, दिवस राहिलेत का किंवा राहू द्यायचेत का, हे डॉक्टरांना आधी सांगा.

सगळ्यात मोठी भीती कागदाची. हे निदान लिहिलेला कागद सासरच्यांच्या हाती लागला तर? हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं कारण आहे, आणि १९७६ च्या दुरुस्तीने त्याची व्याख्या चांगलीच ऐसपैस केली. ख्रिस्ती घटस्फोट कायद्याची शब्दयोजना वेगळी आहे, पण 'अनसाउंड माइंड' तिथेही आहेच. नवऱ्याचा वकील असा कागद फडकावणार नाही असं मी म्हणू शकत नाही. पण आपल्या बाजूलाही आधार आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता खटल्यात सांगितलं की आजाराचं नाव पुरेसं नाही. तो इतका तीव्र हवा की जोडीदाराने सोबत राहावं अशी अपेक्षाच करता येऊ नये. २०१७ चा कायदा म्हणतो की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून, न्यायालयाने तसं ठरवल्याशिवाय, कोणी 'अनसाउंड माइंड' ठरत नाही. उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्कही त्यातच आहे. नवरा म्हणून नवऱ्याला तो कागद मागता येत नाही. म्हणून ज्यांची केस चालू आहे किंवा चालू होण्याच्या बेतात आहे, त्यांनी फाइल माहेरी किंवा केंद्रात ठेवावी आणि आपल्या वकिलाला आधीच सांगावं.

दुसऱ्या बाजूला, हक्क मागायला जावं तर हाच कागद तोकडा पडतो. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात २१ प्रकार आहेत. अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे. एडीएचडीचं नाव नाही. त्यामुळे कामाच्या ठिकाणी सवलत मागायची तर साहेबाच्या मर्जीवर. एका बाईने एवढंच मागितलं होतं, की सूचना तोंडी न देता लिहून द्या. साहेब म्हणाले, मग सगळ्यांनाच लिहून देऊ का? का देऊ नये, असं मला विचारावंसं वाटतं.

आमच्या गटाने दोन गोष्टी सुरू केल्या आहेत. पहिल्या खेपेला बाईबरोबर एक मैत्रीण जाते, रांगेत उभी राहते, डॉक्टर काय म्हणाले ते वहीत लिहून घेते, कारण बाहेर येईपर्यंत निम्मं विसरलेलं असतं. आणि दर बुधवारी दुपारी केंद्रात 'शेजारी बसण्याची' वेळ ठेवली आहे. ज्यांचे रेशन कार्डाचे, शाळेचे, बचत गटाचे कागद महिनोन् महिने पडून आहेत त्यांनी ते घेऊन यायचं. दुसरी कोणी नुसती शेजारी बसते, आपलं काम करत. सल्ला नाही, उपदेश नाही. गेल्या बुधवारी एकीने तीन वर्षं राहिलेला आधार कार्डावरच्या पत्त्याचा बदल चाळीस मिनिटांत उरकला. निदान झालेल्या-न झालेल्या सगळ्यांना ही वेळ खुली आहे. पाणी भरून दमलेल्यांनाही.

पुढच्या बैठकीला आमच्या वकील मैत्रिणी घटस्फोटाच्या कलमांवर बोलणार आहेत. येताना कुणाकडे आपलं जुनं प्रगतिपुस्तक असेल तर जरूर घेऊन या. नसेल तर ज्यांना तुमचं लहानपण आठवतं अशा दोन बायकांची नावं लिहून आणा.